भावाचा देखावा आणि छोटा गुंतवणूकदार



निवृत्त कामगाराची ग्रॅच्युइटी जेव्हा शेअरबाजारात जाते, तेव्हा भाव कसा ठरतो हा केवळ सटोडियांचा प्रश्न उरत नाही.

एक दलाल १०० रुपयांना शेअर विकतो. दुसरा तोच १२० ला तिसऱ्यास देतो. तिसरा १४० ला पुन्हा पहिल्याच्याच हवाली करतो. मालकी जागची हलत नाही, भाव मात्र चाळीस टक्क्यांनी चढतो. यालाच चक्राकार व्यवहार म्हणतात. ही तेजी खरी मानून छोटा गुंतवणूकदार खरेदीस धावतो. टोळी आपला माल त्याच्या गळ्यात मारून बाजूला होते.

अशा संगनमतावर सेबीच्या १९९५ च्या नियमांनीच बंदी होती. तरीही २००१ साली केतन पारेख प्रकरण घडले. माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचा पैसा सट्ट्यात ओतला गेला. भाव कोसळताच बँक मोडकळीस आली आणि सामान्य ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या. २००३ साली नियम नव्याने कडक झाले, पारेखवर १४ वर्षांची बाजारबंदी आली. पण तोवर घरे धुऊन निघाली होती.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कारणाविना चढणाऱ्या भावामागे आणि फुकटच्या ‘टिप’मागे कष्टकऱ्याने जाऊ नये, आपले डीमॅट खाते तर कोणासही वापरू देऊ नये. आणि केवळ दंडावर समाधान न मानता, लुटीचा नफा वसूल करून नाडल्या गेलेल्यांस परत मिळावा, ही मागणी संघटितपणे रेटली पाहिजे.