वाळवंटातील टोमॅटो
(संस्थेच्या महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्यापैकी काही कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त जोधपूर-बिकानेरकडे राहतात. तिकडे अंगणात टोमॅटो लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानी येते : झाड हिरवेगार, फुलेही भरपूर, पण फळ धरत नाही. मग पाणी वाढविले जाते. जोधपुरास वर्षाकाठी सरासरी सुमारे ३६० मिलिमीटर पाऊस. अशा ठिकाणी एवढे पाणी व्यर्थ घालविणे परवडणारे नाही.

खरे कारण उष्णतेचे आहे. दिवसा ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्री २४ च्या वर पारा राहू लागला, की पराग निकामी होतो व फूल गळते. जोधपुरास मे महिन्यात दुपारी तो चाळिशी ओलांडतो. टोमॅटोचे रानटी भाईबंद पेरू व चिली देशांच्या वाळवंटी किनाऱ्याकडे वाढतात. परंतु तेथील थंड सागरी प्रवाहाने हवा सौम्य राहते. थारमध्ये तशी हवा हिवाळ्यातच मिळते.

म्हणून ऑगस्टअखेर वाफ्यात बी टाकून सप्टेंबरअखेर रोपे लावावीत. फुलोरा थंडीत येतो आणि डिसेंबरच्या सुमारास तोडणी सुरू होते. जानेवारीत कडाक्याच्या थंडीची रात्र आली, तर रोपांवर तरट किंवा गवत घालावे. मार्चनंतर उन्हे तापली, की फळांस नीट लाली येत नाही. गुलाबी छटा दिसताच ती तोडून घरात पिकवावीत. लहान फळांच्या जाती उष्णता अधिक सोसतात.

पाणी थोडे, पण नियमित असावे. कधी चिखल, कधी कोरडे असे झाले, तर फळास चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचत नाही व त्याचा तळ काळा पडतो. कोरा मातीचा घडा गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा, तोंड झाकावे आणि भोवती रोपे लावावीत. माती सुकेल तसतसे पाणी झिरपते. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा.

जोधपुरास १९५९ पासून ‘काझरी’ ही शुष्क प्रदेशाच्या संशोधनाची सरकारी संस्था आहे. तिच्या कृषी विज्ञान केंद्रात स्थानिक जातींची चौकशी अवश्य करावी.

तिकडील आपल्या मुलाबाळांस एवढेच कळवा, की घागरी मोजण्याआधी महिने मोजावेत.