वही आपली, किल्लीही आपली

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सोयाबीनच्या भावावर बोलायचे सोडून आम्ही आज हिशेबाच्या वहीवर काय बोलतो आहोत, असे पुष्कळांना वाटेल. भावाचा प्रश्न सुटला म्हणून नव्हे. २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. हाती काय पडले ते तुमच्या पट्ट्यांवर लिहिलेले आहे. पण भावासाठी एकत्र यायचे, एकत्र माल विकायचा, तर आपला हिशेब आपल्याला चोख मांडता आला पाहिजे. अहमदपूर, उदगीर, निलंगा, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतून आपल्या लोकांनी उत्पादक कंपन्या काढल्या. अडत्याच्या वहीला आपण नावे ठेवली. आता आपल्या वहीचे काय, ते पाहू.

एका कंपनीची गोष्ट सांगतो. चूक आमचीच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. सभासदांचे सोयाबीन गोळा करून लातूरच्या कारखान्याला एकदम विकायचे, असा व्यवहार होता. हिशेबाची एक्सेलची फाईल आम्हीच करून दिली होती. पहिल्या वर्षी साठ सभासद होते, फाईल झकास चालली. तिसऱ्या वर्षी सभासद पाचशेवर गेले. मग एक प्रत काट्यावरच्या पोराकडे, एक व्यवस्थापकाकडे, एक सीएकडे. प्रत्येक जण आपापल्या प्रतीत दुरुस्ती करायचा.

एक बाई आली. दोन खेपांच्या दोन काटापट्ट्या हातात, खात्यावर पैसे एकाच खेपेचे. काट्याच्या फाईलीत दोन्ही खेपा होत्या. पैशाच्या फाईलीत दुसरी खेप त्याच गावच्या, त्याच नावाच्या दुसऱ्या बाईपुढे चढली होती. बाईने विचारले, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात मी किती जणी हाय?"

पैसे मिळायला सव्वा महिना गेला. दुसऱ्या बाईनेही कुरकुर न करता रक्कम परत केली. पण तेवढ्यात पहिलीने तिसरी खेप अडतीवर नेऊन घातली. तिचे काय चुकले? अडत्या पैसे कापतो, पण तिला ओळखतो. आम्ही पैसे कापत नव्हतो, आणि तिला ओळखतही नव्हतो.

दोष एक्सेलचा म्हणायचा का? नाही. एक्सेल म्हणजे आखलेला कागद आहे, बेरीज-वजाबाकी आपोआप करणारा. नांगरटीचे काम कोळप्याला सांगितले तर कोळप्याचा काय दोष? गट नंबर १२/३ टाइप करा. एक्सेल त्याला बारा मार्च समजते आणि तारीख करून टाकते. खातेनंबराच्या सुरुवातीची शून्ये उडवते. पंधराच अंक नीट धरते. खातेनंबर सोळा अंकी असला तर शेवटचा अंक शून्य होतो. रकाना आधीच मजकुराचा ठरवून दिला तर हे टळते, पण काट्यावर घाईत ते कोण करतो?

आणि हे आपल्या अडाण्यांचेच होते असे नाही. २०२० साली कोरोनात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्यात जुन्या पद्धतीची एक्सेल फाईल वापरात होती. तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. वरचे बाहेर राहिले. १५,८४१ रोग्यांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना सावध करायला उशीर झाला.

मग दुसरा मार्ग कोणता? त्याला डेटाबेस म्हणतात. नाव नवे वाटते, पण कल्पना १९७० सालची, एडगर कॉड नावाच्या शास्त्रज्ञाची. कल्पना सोपी आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि तिला एक क्रमांक द्यायचा. सभासदांचा तक्ता एक. जमिनीचा एक. काट्याचा एक. पैशाचा एक. काट्याच्या नोंदीत नाव लिहायचेच नाही, सभासद क्रमांक घालायचा. नाव, गाव, खातेनंबर तिकडून आपोआप येते. एका नावाच्या दोन बाया असल्या तरी क्रमांक दोन. खाते बदलले तर एकाच जागी दुरुस्ती, सगळीकडे लागू.

पूर्वी यासाठी प्रोग्रामर ठेवावा लागे, ते आपल्या आवाक्याबाहेरचे होते. आता झोहो क्रिएटर, एअरटेबल अशा सेवांवर इंटरनेटवरच आपल्या गरजेप्रमाणे तक्ते नि फॉर्म जुळवता येतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आपल्या सर्व्हरवरही बसवता येते. काट्यावरचा पोरगा मोबाईलवर वजन, ओलावा, बारदाना भरतो. व्यवस्थापकाला ते त्याच घडीला दिसते. कोणी काय पाहायचे, कोणी काय बदलायचे, हे ठरवून देता येते. कंपनीलाच नव्हे, डाळ मिलला, बियाण्याच्या दुकानाला, बचत गटाच्या पापड-मसाल्याच्या धंद्यालाही हे लागू आहे.

शिवाय कायदाही आहे. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीने १ एप्रिल २०२३ पासून असे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, की जे प्रत्येक बदल तारखेसह टिपून ठेवते आणि ती टिपणी बंद करता येत नाही. उत्पादक कंपनीही कंपनीच आहे. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची आहेत. साधी एक्सेलची शीट इथे पुरी पडत नाही. जमाखर्चाची मुख्य वही कोणत्या सॉफ्टवेअरवर ठेवायची, ते सीएला विचारून ठरवा.

आता दुसरी बाजू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कागद जाळला तो कागदावरच्या रागाने नव्हे. वही सावकाराकडे, लिहिणारा सावकार, वाचणाराही सावकार. कुणब्याच्या हाती अंगठ्याची शाई. आपण मराठवाड्याचे लोक तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. सावकाराची वही इकडेही तशीच होती. ही गोष्ट आठवायची ती एवढ्यासाठी, की ऑनलाइन वहीसुद्धा आपल्या कपाटात नसते. ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असते आणि तिचे भाडे असते. भाडे थकले की दार बंद होऊ शकते. भाडे वाढवले, तर सोडून जाता येईल का?

म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या फाईलीत उतरवून मिळेल का? विकणाऱ्याला त्याच वेळी ती उतरवून दाखवायला लावा. दोन, मुख्य पासवर्ड कोणाच्या नावावर? सेवा बसवून देणाऱ्या पोराच्या नव्हे, कंपनीच्या. आणि संचालकांपैकी दोघांकडे. तीन, माहिती कुठे राहते? कंपनीच्या पुस्तकांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर असली पाहिजे, असा नियम आहे. चार, वीज गेली, रेंज गेली तर काट्यावर काय करायचे? याचे उत्तर आमच्याकडे आहे: छापील पावतीपुस्तक. ते मोडीत काढू नका.

आणि घाई नको. घाण बियाणे नव्या रानात पेरले तरी तणच येणार. आधी सभासदांची यादी ग्रामसभेसारखी गावात बसून वाचा. मेलेले कोण, दोनदा लिहिलेले कोण, खाते कोणाचे बदलले, हे गावालाच ठाऊक असते. मग फक्त काटा आणि पैसे, एवढेच नव्या वहीवर घ्या. एक हंगाम जुनी-नवी दोन्ही चालवा आणि दर आठवड्याला ताळा पाहा. साठ सभासदांचा गट असेल आणि एकच माणूस लिहीत असेल, तर एक्सेलच ठेवा. उगाच खर्चात पडू नका.

त्या कंपनीत आम्ही हेच केले. यादी वाचायला तीन आठवडे लागले, शिव्याही खाल्ल्या. आता काट्यावर पावती फाटते तिच्यावर सभासद क्रमांक असतो, आणि पैसे गेले की सभासदाच्या मोबाईलवर त्याच क्रमांकाने निरोप येतो. त्या बाईकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. या हंगामात तिने एक खेप आपल्याकडे घातली, बाकीची अडतीवर. तिचे पैसे वेळेवर गेले. पुढच्या वर्षी ती काय करते ते पाहू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपली सभासद यादी छापून आणावी. एका नावाचे दोघे किती, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी किती, एवढेच आधी मोजू.