श्रोत्यांचे अवधान



सभेत मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली की वक्त्याचा आवाज चढतो आणि उरलेसुरले लक्षही उडते. मग ‘हल्ली लोकांना ऐकण्याची सवयच राहिली नाही’ असे म्हणून दोष श्रोत्यांच्या पदरी टाकला जातो. वऱ्हाडात तरी असे म्हणण्याची सोय नाही. दिवसभर राबून थकलेल्या, निरक्षर शेतकरी-मजुरांना संत गाडगेबाबांनी कीर्तनात खिळवून ठेवले, ते याच मातीत.

देबूजी झिंगराजी जानोरकर हे बाबांचे मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी त्यांचा जन्म झाला. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास, आजोळी, देबूजी वाढले. तेथे त्यांनी सावकारी पाशही जवळून पाहिला. १९०५ साली घर सोडल्यावर हातात खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव फिरले.

त्यांच्या कीर्तनाचा आरंभ खरे तर खराट्याने होई. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाशी बोलायचे. उभे राहण्यापूर्वीच हा माणूस आपला आहे, हे गावाने ओळखलेले असे. शिवाय बाबा नुसते सांगत नसत, विचारीत. कर्ज काढून सण का करायचा, दारूने कोणाचे घर उभे राहिले, पोर शाळेत का नाही, असे प्रश्न अस्सल वऱ्हाडी बोलीत येत आणि उत्तर श्रोत्यांनाच द्यावे लागे. उत्तर देणाऱ्याला डुलकी कशी लागणार? आणि ज्याचे घर दारूने ओढवलेला मृत्यू व सावकारी यांनी पोळले होते, त्याचा प्रश्न वरवरचा वाटणार तरी कसा?

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक बाबांनी देह ठेवला. आज वक्त्याच्या हाती ध्वनिवर्धक आहे, पडद्यावर चित्रे दाखविण्याची सोय आहे. ही साधने अवश्य वापरावीत. परंतु आवाज मोठा झाला म्हणजे शब्द जवळचा होतो, असे नाही.

म्हणून सभेच्या दिवशी वक्त्याने नेमक्या वेळी व्यासपीठावर अवतरण्यापेक्षा दोन तास आधी पोहोचावे. सतरंज्या अंथरण्यास हात लावावा. या गावात यंदा कापसाचे काय झाले, विहिरीला पाणी किती आहे, मुले शिकायला कोठे जातात, हे विचारावे. भाषणाचे पहिले वाक्य तेथेच सापडेल. जो आधी ऐकतो, त्याचेच पुढे ऐकले जाते.