आलेल्यांचे गाव

वर्धा शहराचा इतिहास सांगायला बसलेल्या माणसाची एक अडचण होते. त्याला फार मागे जाता येत नाही. पैठणला सातवाहन आहेत, देवगिरीला यादव आहेत. वर्धा शहराच्या वाट्याला आले ते 1866 हे साल आणि पालकवाडी नावाचे एक खेडे. त्या खेड्याच्या जागी सरळ रस्ते आखून शहर वसवले गेले. तोवर जिल्ह्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली आणि वर्धा हे तिच्या वाटेवरचे स्टेशन झाले.

तेव्हापासून जो तो इथे आलेलाच. गाडी आली, तिच्यामागे कापसाचे व्यापारी आले, जिनिंग आले, मारवाडी पेढ्या आल्या. सीकरजवळच्या काशी का बास या गावात जन्मलेला एक मुलगा शेठ बच्छराज बजाज यांच्या घरी दत्तक आला, तो जमनालाल. त्यांच्या आग्रहावरून 1921 मध्ये विनोबा आले, ते मूळचे कोकणातल्या गागोद्याचे. विनोबांनंतर खुद्द गांधीजी आले. तेव्हा या गावात पाहुणा कोण आणि घरधनी कोण, हे ठरवायला बसले तर दिवस मावळेल.

म्हणून वर्ध्यातला अनेक संस्कृतींचा वारसा बघायचा तर आधी प्रदर्शनाकडे न जाता सेवाग्रामच्या प्रार्थनेला जाऊन बसावे. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच नावाच्या दुसऱ्या गावाशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी पुढे 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात आजही पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर प्रार्थना होते, आणि तिची सुरुवात होते ती एका जपानी बौद्ध मंत्राने.

हा मंत्र इथे आला कसा, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या परंपरेतला एक भिक्षू पुढे आश्रमातच राहिला. सगळे त्याला केशवभाई म्हणत. हातातली डफली वाजवत तो मंत्र म्हणायचा. डिसेंबर 1941 मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि पोलीस केशवभाईंना धरून घेऊन गेले. माणूस गेला, पण मंत्र राहिला, आणि तोही प्रार्थनेत पहिल्या जागी! शत्रुराष्ट्राचा म्हणून ज्याला उचलून नेले त्याचीच आठवण रोज दोनदा निघते. एवढा मोठा सत्कार कुठल्या सभागृहात कोणाचा झाला असेल?

बाकीची प्रार्थनाही अशीच माणसामाणसांतून जमत गेली. कुराणातला पाठ रेहाना तय्यबजींमुळे आला. पारशी प्रार्थना आली ती आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींसोबत असलेल्या डॉ. गिल्डर यांच्यामुळे. म्हणजे सर्वधर्मसमभाव हा शब्द कोणी आधी फळ्यावर लिहिला आणि मग पाठ निवडले, असे काही झाले नाही. पंगतीत जो येऊन बसला त्याच्या घरचा एक पदार्थ ताटात वाढला गेला, इतकेच.

आश्रमातल्या माणसांची यादी वाचली तर आपण एखाद्या बंदरावर उभे आहोत असे वाटावे. मीराबेन एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढले ते तिच्या हातांनी. वॉर्सात जन्मलेला इंजिनियर मॉरिस फ्रीडमन इथे भारतानंद झाला आणि त्याने धनुष तकली हे सूत कातायचे साधन तयार केले. सिलोनचे आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीची शाळा चालवली. ग्रामोद्योगाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती. सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी झालेले खान अब्दुल गफार खान 1934 मध्ये जमनालालजींच्या घरी राहिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्यातूनच त्यांना अटक झाली. पुढे 1949 च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामला भरली. कानाकोपऱ्यातली माणसे वर्ध्याच्या थंडीत खादी पांघरून बसली.

आता प्रदर्शनात मांडलेल्या गोष्टींकडे वळू. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी झाले. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावाने उभे राहिलेले हे घर चरख्यांचे, खादीचे आणि खेड्यातल्या कारागिरीचे. इथे राजाची तलवार नाही की पाटराणीचा हार नाही. इथला मान हाताने काम करणाऱ्याच्या अवजारांना आहे.

गोपुरीला गीताई मंदिर आहे. विनोबांच्या हस्ते 1980 मध्ये ते खुले झाले. त्याला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा ऊनपावसात उभ्या आहेत. आणि शेजारीच 1993 मध्ये उभा राहिलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप. त्याच्या चार बाजूंना बुद्धाच्या चार मूर्ती. ही कल्पना त्याच फुजी गुरुजींची. मराठी श्लोकांतली गीता आणि जपानी परंपरेतला स्तूप असे शेजारी शेजारी आहेत, आणि रविवारी डबा घेऊन आलेली कुटुंबे एकाकडून दुसऱ्याकडे सहज चालत जातात.

पण वर्धा म्हणजे केवळ आश्रम नव्हे. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. चादर आणि नारळ तिथे एकाच वाटेने वर चढतात, कारण भाविक हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा मालच त्यांनी दगड करून टाकला, अशी दंतकथा आहे. भूशास्त्रज्ञ त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. दोघांनी आपापले सांगावे. दगड गोलच राहतात.

आर्वीची कथा तर आणखी मासलेवाईक. गाव ज्यांनी वसवले असे मानतात त्या तेलंगरावांना हिंदू ब्राह्मण म्हणत आले आणि मुसलमान मुसलमान म्हणत आले. जुन्या गॅझेटियरमध्ये हा वाद नोंदवला आहे, आणि दोघेही त्यांच्या समाधीवर एकत्र येतात हेही नोंदवले आहे. वाद मिटवायची घाई कोणालाच नव्हती.

सगळे असेच गोड असते तर हे भाषण इथेच संपले असते. इथले लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी जुलै 1928 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी उघडले, ही अभिमानाची गोष्ट. पण उघडावे लागले याचा अर्थ ते तोवर बंद होते, ही त्याच वारशाची दुसरी बाजू. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यात न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली 96 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच दिवसांत त्याच शहरात चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली 17 वे विद्रोही साहित्य संमेलनही भरले. याआधी 1969 मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात संमेलन झाले तेव्हा मांडव एकच होता. काहींना 2023 ची ती फूट वाटली. खरे तर गावाचा सगळा आवाज एका मांडवात मावत नाही, हे त्या दिवसांत उघडपणे दिसले, आणि ते चांगलेच झाले.

न मावलेले आवाज अजूनही पुष्कळ आहेत. वर्ध्यात बाहेरगावच्या पाहुण्याला जे दाखवले जाते ते बहुतेक गांधीजींच्या मुक्कामाच्या दहाबारा वर्षांतले. हिंगणघाटचा कापूस मात्र त्याच्या कितीतरी आधी व्यापारात नाव कमावून होता. हिंगणघाट आणि पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालला ते कामगार, कापसाच्या गाड्या हाकणारे, रुईच्या धुळीत उभ्या राहिलेल्या बाया, पेढीवर मोडीत आणि मारवाडीत हिशेब लिहिणारे मुनीम, रेल्वेच्या चाळीतली तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे, यांच्या वस्तू काचेआड क्वचितच दिसतात. नेत्याचा चष्मा जपला जातो. मुकादमाची शिट्टी भंगारात जाते.

अशा वस्तू मांडण्यासाठी सरकारी इमारतीची वाट पाहायची गरज नाही. जिल्ह्यात गणपती बसतात, तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी घेऊन निघतात, उरूस भरतात, बुद्धजयंतीला विहारात गर्दी होते. यातल्या कुठल्याही मांडवात एक टेबल मावते. तेव्हा हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळीच्या श्रोत्यांनो, घरच्या माळ्यावर आजोबांचे गिरणीतले ओळखपत्र असेल, आजीचे जाते असेल, मोडीतले खतावणीचे बाड असेल, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. फडक्याने पुसा, एका कागदावर त्याचे नाव आणि घरचे नाव लिहा, आणि येत्या सणाला ते त्या टेबलावर आणून ठेवा.