उसन्या श्वासाचा हिशेब



आमच्या पालीत, राजगडाच्या पायथ्याला, 'शॉक' या शब्दाचे दोनच अर्थ होते. एक विजेच्या तारेचा, दुसरा वाईट बातमीचा. अलीकडे तिसरा अर्थ आला, सेप्टिक शॉक. आणि त्याच्या पाठोपाठ एका यंत्राचं नाव आलं, एक्मो. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांना २०१६ च्या डिसेंबरात ते लावलं, तेव्हा हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत झळकला. २०२० साली गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम कित्येक दिवस त्यावर होते. कोरोनाच्या त्या काळात तो घरोघरी पोचला.

वैद्यक हा माझा प्रांत नाही. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण एका प्रश्नानं मला यात ओढलं. आमच्या शेजारच्या एका बाईंना भातलावणीत पायाला जखम झाली. त्यातून साखरेचा आजार. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, बरळायला लागल्या. पुण्यात पोचेपर्यंत रक्तदाब पार उतरला होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी त्यांच्या मुलानं माझा हात धरला. म्हणाला, "चाचा, ते मशीन लावलं तर आई वाचंल ना?" डॉक्टरांनी सांगितलं, हृदय चांगलं चाललंय, या मशीनचा इथं उपयोग नाही. चौथ्या दिवशी ती माउली गेली. मग वाडीत कुजबुज सुरू झाली, पोरगं पैशाला मागं सरलं. त्या पोराच्या मनात तो काटा रुतून बसला. म्हणून मी डॉक्टर मित्रांना विचारत गेलो, वाचत गेलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सेप्टिक शॉकमध्ये जंतूंशी लढता लढता शरीराचाच तोल जातो. रक्तवाहिन्या सैल पडतात, झिरपू लागतात. सलाईन देऊनही रक्तदाब टिकत नाही, औषधाची धार सतत चालू ठेवावी लागते. मूत्रपिंड, यकृत, आतडी, मेंदू यांना प्राणवायू पुरत नाही. पोचला तरी पेशींना तो नीट वापरता येत नाही.

एक्मो म्हणजे शरीराबाहेरचं हृदय आणि फुप्फुस. मांडीतल्या मोठ्या शिरेतून रक्त नळीनं बाहेर येतं, पंप ते ढकलतो, बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यातून जाताना त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते परत शरीरात जातं. शिरेतच परत गेलं तर फुप्फुसाला आधार, धमनीत गेलं तर हृदयालाही. याचं मूळ फिलाडेल्फियात. डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारानं हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तिथं यंत्र काही मिनिटांपुरतं होतं. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला काही दिवस अशा यंत्रावर ठेवून वाचवलं. परिचारिकांनी तिचं नाव ठेवलं एस्परान्सा, म्हणजे आशा.

आता मुद्द्याची गोष्ट. काही रुग्णांत जंतुदोषानं हृदयच लुळं पडतं. अशांची एक तुलना २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आली. यंत्र लावलेले ८२ आणि न लावलेले १३०. नव्वद दिवसांनी पहिल्या गटात शंभरातले साठ जिवंत होते, दुसऱ्यात पंचवीस. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, झालेल्या उपचारांचा मागाहून घेतलेला हिशेब होता. तरी फरक मोठा आहे. पण हृदय धडधाकट असून फक्त रक्तवाहिन्या ढिल्या पडल्या असतील, तर प्रौढांत असा फायदा दिसत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे पटकन उमगेल. विहिरीवरचा पंप बंद पडला तर दुसरा पंप कामाला येतो. पण खाचरांचे बांधच फुटले असतील, तर पंप कितीही मोठा लावा, पाणी ठरत नाही.

आणि हा पंप फुकट चालत नाही. धमनीतून उलट्या दिशेनं येणाऱ्या रक्ताविरुद्ध आधीच थकलेल्या हृदयाला जोर लावावा लागतो. त्यात रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, फुप्फुसात पाणी भरतं. मांडीतल्या नळीमुळे त्या पायाचा पुरवठा तुटू शकतो, म्हणून पायासाठी वेगळी बारीक नळी टाकतात. पंपात तांबड्या पेशी फुटतात, त्याचा भार आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडावर पडतो. बऱ्याच जणांना डायलिसिस लागतं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावं लागतं, आणि मग मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होण्याची भीती. प्लॅस्टिकच्या स्पर्शानं दाह आणखी भडकतो. काही औषधं तर नळ्यांनाच चिकटून राहतात, त्यामुळे त्यांच्या मात्रेचा हिशेब बदलतो. पडद्यावर रक्तदाबाचा आकडा सुधारतो, पण अगदी बारीक केशवाहिन्यांत रक्त फिरतंय का, हे तो आकडा सांगत नाही.

मूळ जंतुदोषावर तर हे यंत्र काहीच करत नाही. ते फक्त वेळ उसना देतं. त्या वेळात प्रतिजैविकांनी काम करायचं, पू काढायचा, कुजलेला भाग कापायचा.

म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावं: हृदय किती चालतंय? जंतुदोषाचं मूळ सापडलं का? यंत्र कशाची वाट पाहण्यासाठी लावताय? आणि ते कधी थांबवायचं?

त्याहून महत्त्वाचं गावातच आहे. तापासोबत बरळणं, धाप, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं दिसलं की उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. शॉकमध्ये पहिलं प्रतिजैविक तासाभरात जावं, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. डोंगरातल्या माणसाचा अर्धा दिवस वाटेतच जातो. लावणीच्या दिवसांत पायाची जखम धुऊन झाकणं आणि ती रोज पाहणं, हे आपल्या हातात आहे.

आणि वाडीतल्या माझ्या माणसांना एक विनंती. कुणाच्या घरी यंत्र लावलं नाही, म्हणून त्या घरची माया मोजू नका. त्या पोरानं आईचा उपचार सोडला नव्हता. जे यंत्र तिच्या कामाचंच नव्हतं, ते लावलं नाही, एवढंच. हे त्यालाही कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी आज रेडिओवरून सांगतो आहे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)