साखर खा म्हणणारे कोण?
(श्रीरामपूरच्या युवक शिबिरातलं भाषण)



कविता म्हणायला बोलावलंत, पण मी गोदीतला मॅट्रिक पास कामगार, आज साखरेचा हिशेब मांडणार आहे.

नगर जिल्ह्याला साखर काय सांगायची! 1950 साली लोणीत प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग धुराडी वाढली, साखरसम्राट जन्मले आणि पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू माणसाच्या हाती कोयता आला. मुकादमाची उचल घ्यायची नि हंगामभर पाचटाच्या कोपीत मरायचं.

पण नुसती साखर काढून भागत नाही, ती लोकांच्या गळ्याखाली उतरवावी लागते. त्यासाठी शास्त्र विकत घेतात. 1965 साली अमेरिकेतल्या साखरवाल्यांच्या संस्थेनं हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना साडेसहा हजार डॉलर मोजले. 1967 मध्ये लेख छापून आला : हृदयाला धोका चरबीचा, साखरेचं एवढं काही नाही. पैसे कुणाचे, ते लेखात नव्हतं. कागद बाहेर आले 2016 साली! मधली पन्नास वर्षं लोक तेल-तूप मोजत बसले.

आपले कारखानदार काय कमी आहेत? करोनाच्या काळात, गोदामं तुंबलेली असताना, त्यांच्या 'इस्मा' या संघटनेनं साखरेबद्दलचे 'गैरसमज' दूर करायची मोहीम काढली. म्हणे भारतीय माणूस वर्षाला 19 किलोच साखर खातो, जग 23 किलो खातं. म्हणजे आपण मागास!

करा भागाकार. 19 किलो भागिले 365. दिवसाला 52 ग्रॅम. त्यात बिस्किटं, थंडा, मिठाई सगळं आलं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था 2024 च्या पुस्तिकेत सांगते, वरून घातलेली साखर साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवा. आत्ताच दुप्पट खातोय, आणि हे म्हणतात कमी पडतंय.

आता कोपीत या. माय पहाटेच फडावर गेलेली. पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा आणि कोरा गोड चहा. भूक मरते, पोट भरत नाही. भाकरी थापायला तिला वेळ कुणी ठेवला? आमच्या वजडीला, सुकटीला नाक मुरडणारे या पुड्याला मात्र 'पौष्टिक' म्हणतात. (पुड्यावरचं पोरगं कसं गुबगुबीत असतं बघा. आमच्या वस्तीतलं नसतंच ते.)

चिलीत 2016 पासून असल्या पुड्यांवर काळा अष्टकोन छापतात : साखर जास्त. आपल्या सरकारी प्राधिकरणानं 2022 मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. हॉटेलासारखे तारे, बिस्किटाला! धोका लिहायला यांचा हात का थरथरतो?

उद्या वस्तीतले रिकामे पुडे गोळा करा. मागची बारीक अक्षरं चौकात मोठ्यानं वाचा. शंभर ग्रॅममागं साखर किती, तो आकडा खडूनं भिंतीवर लिहा.