संगणक नंतर, वाचन आधी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील मुख्याध्यापिका बाई, पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर आणि बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

ऑफिसात मोठमोठ्या मीटिंगांत बोलायची मला सवय आहे, पण समोर गणिताच्या बाई बसल्यात आणि माईक धरलेला हात थोडा थरथरतोय. बाई, सांभाळून घ्या.

मला विषय दिलाय, 'शाळेसाठी आपण काय करू शकतो?' त्याआधी एक कबुली देते. दहा वर्षांपूर्वी आपल्या बॅचने वर्गणी काढून शाळेला दहा संगणक दिले. कल्पना माझी होती. मी इंजिनियर, नोकरी सॉफ्टवेअरमधली, म्हणून माझ्याशी कुणी वादही घातला नाही. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनेही आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले होते. यंत्र आलं की शिक्षण सुधारेल, असं तेव्हा आपल्या सगळ्यांनाच वाटत होतं.

गेल्या जूनमध्ये मी त्या खोलीत गेले. दहापैकी तीन संगणक चालू होते. बाकीच्यांवर कव्हरं होती, तीही आपणच शिवून दिलेली. खोलीचं वायरिंग जुनं, चारच्या वर संगणक लावले की फ्यूज उडतो. ते शिकवणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. यात शाळेचा दोष नाही. आमच्या कामात नवीन काही बांधायच्या आधी ते वापरणाऱ्याला विचारायचं, हा पहिला धडा असतो. मी तो ऑफिसात रोज पाळते आणि इथे मात्र विसरले.

म्हणून या वेळी मी बाईंना विचारलं, 'तुम्हाला खरंच काय हवंय?' बाई म्हणाल्या, 'आधी पाचवीच्या वर्गात तासभर बस.'

बसले. नऊ मुलं एकेक करून माझ्यासमोर वाचायला आली. एक मुलगा जोडाक्षर आलं की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. एका मुलीने पूर्ण पान घडाघडा वाचलं. मला वाटलं, वा! मी विचारलं, 'गोष्टीत काय झालं?' ती गप्प. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. अक्षरं ओळखीची, अर्थ अनोळखी. मग तिची मैत्रीण म्हणाली, 'ताई, हिला गणितपण येतं, पण उदाहरणात काय विचारलंय ते कळत नाही.' मित्रांनो, अशा मुलीला संगणकासमोर बसवून मी काय साधणार होते?

यावर उपाय नाही असं नाही, आणि तो आपल्या मुंबईतच तयार झालाय. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये इथल्या वस्त्यांतूनच सुरू झाली. त्यांची पद्धत साधी आहे. मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवायचं. त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी काय वाचता येतं ते बघायचं, त्याप्रमाणे गट पाडायचे आणि रोज ठरावीक वेळ तिथून पुढे न्यायचं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्टही हेच आहे, की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. आपल्या पाचवीत ते अजून व्हायचंय. बाईंच्या यादीत पहिलं काम हे आहे.

दुसरं काम म्हणजे मुलींचं स्वच्छतागृह. समोरच्या मैत्रिणींनो, आठवतंय ना? शाळेत असताना आपण दिवसभर पाणी प्यायचो नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं. आता कडी आहे. पाणी मात्र दुपारनंतर जातं, आणि 'त्या' चार दिवसांत सातवी-आठवीच्या मुली घरी राहतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. शाळेत काय असावं याची यादी त्यात दिली आहे. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान. त्या यादीत संगणक नाही! मी ती परवा वाचली. दहा वर्षांपूर्वी वाचायला हवी होती.

तिसरं काम शिक्षकांचं. आपल्या वेळी एकेका इयत्तेच्या चार तुकड्या असायच्या, आता एक भरताना दमछाक होते. सरकारी वसाहतीतल्या इमारती रिकाम्या होत गेल्या. तिथल्या जागेवर उच्च न्यायालयाचं नवं संकुल यायचंय. तिथली मुलं पांगली. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकांची पदं कमी होतात. मग एकाच बाई दोन विषय शिकवतात, वर निवडणुकीची कामं आणि पोर्टलवर माहिती भरणं. मग पालक म्हणतात, 'शाळेत शिक्षक नाहीत' आणि मूल काढून नेतात. पट आणखी घसरतो.

आणि इथे दुसरी कबुली. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं तिथेच आहेत. मी कुणाला दोष देत नाही. पण शाळेचा पट कमी झाला यात आपलाही वाटा आहे, हे मान्य करूनच मग देणगीचं बोलूया. आज या बाकांवर बसलेल्या मुलांच्या आईवडिलांना दुसरा पर्याय नाही. त्यांना ही शाळा चांगलीच मिळायला हवी.

म्हणून माझी विनंती. या वर्षीच्या वर्गणीतून आधी पाण्याची टाकी आणि पंप. मग वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टींची पुस्तकं, कुलूपबंद कपाटात नकोत. वायरिंग त्यानंतर, आणि संगणक सगळ्यांत शेवटी. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी वेळ द्यावा. दर शनिवारी सकाळी दोन तास, एकेकाने चार मुलांना घेऊन वाचायला बसायचं. शिकवायचं कसं ते बाई सांगतील, आपण त्यांचं ऐकायचं. पोर्टलची माहिती भरायला मी आणि आपल्यातले आणखी दोघे बाईंना मदत करू. तेवढं तरी आम्हाला नक्की येतं.

मी जुलैपासून शनिवारी जाते आहे. ती घडाघडा वाचणारी मुलगी आता मध्येच थांबते आणि विचारते, 'ताई, म्हणजे काय?' तिचा वेग कमी झालाय. बाई म्हणाल्या, 'हीच प्रगती.'

पुढच्या मेळाव्यात वर्गणीच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा वाचून दाखवूया, पाचवीतली किती मुलं गोष्ट वाचून स्वतःच्या शब्दांत सांगू लागली त्याचा. बाई, या वेळी उत्तराबरोबर रीतही दाखवू.